शाई तीच, पेन तेच. मग अक्षराचा रंग का बदलला?



आजचा लेख माझ्या एका चुकीतून आलेला आहे, म्हणून आधी ती चूकच सांगते.

मागच्या वर्षी माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. आमच्याकडे चौथीच्या दुसऱ्या सत्रात मुलांच्या हातात शाईपेन येतं. एकदा निबंधाच्या वह्या तपासत होते. एका मुलीचा 'माझी आजी' हा निबंध दीड पान झालेला. पहिलं पान तिच्या वहीतलं होतं. त्यावरचं अक्षर फिकट, जांभळट आणि कडांनी विस्कटलेलं. वही तिथंच संपली होती, म्हणून पुढचं अर्धं पान एका पाठकोऱ्या कागदावर लिहून वहीला टाचणीनं जोडलेलं. त्या कागदावरचं अक्षर मात्र गडद निळं, रेखीव, प्रत्येक काना-मात्रा सुटी. माझ्या मनात लगेच आलं, हे ताईनं लिहून दिलेलं दिसतंय. शाईसुद्धा वेगळी, पेनही वेगळं. वर्गासमोरच विचारलं, "हे पान कोणी लिहून दिलं?" ती म्हणाली, "मीच लिहिलं बाई." मी म्हटलं, "शाई वेगळी आहे, दिसतंय मला." ती गप्प बसली. त्या अर्ध्या पानाचे गुण मी कापले.

मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी आली. एका हातात पेन, दुसऱ्या हातात तीच वही आणि तसलाच एक पाठकोरा कागद. काही न बोलता तिनं वहीच्या समासात स्वतःचं नाव लिहिलं आणि मग तेच नाव त्या कागदावर लिहिलं. एकच पेन, एकच शाई, मध्ये फार तर दोन-चार सेकंद गेले असतील. वहीतलं नाव फिकट आणि फुटलेलं. कागदावरचं नाव गडद आणि कोरीव. तो कागद तिच्या मामांच्या ऑफिसातून आलेला होता, एका बाजूला छापलेला आणि दुसऱ्या बाजूला कोरा.

बारा वर्षं झाली मला शिकवून. डी.एड.ला फळ्यावरचं अक्षर कसं असावं, पाठाचं टाचण कसं काढावं, वही कशी तपासावी हे सगळं शिकले. पण वहीच्या कागदाबद्दल कोणी एक शब्द सांगितला नव्हता आणि मीही कधी विचारला नव्हता. गुण त्याच दिवशी परत दिले. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर सांगितलं की काल बाईंचं चुकलं. रागावले वर्गासमोर होते, मग चूकही वर्गासमोरच कबूल करायला हवी होती. त्यानंतर आम्ही सगळ्यांनी मिळून हा विषय आठवडाभर धरून ठेवला. तोच इथे मांडते.

कागदाच्या आत काय असतं?

साध्या भिंगातून फाडलेल्या कागदाची कड पाहा. बारीक बारीक तंतू बाहेर आलेले दिसतात. कागद म्हणजे या तंतूंची एकमेकांत गुंतलेली चटई. तंतू सेल्युलोजचे असतात आणि सेल्युलोजला पाणी फार प्रिय. तंतूंच्या मधे बारीक फटी असतात. अरुंद जागेत पाणी आपोआप ओढलं जातं, याला आपण विज्ञानाच्या पुस्तकात केशाकर्षण म्हणतो. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं ते याच गुणामुळे. आता शाईपेनची शाई म्हणजे मुख्यतः पाणी आणि त्यात विरघळलेला रंग. म्हणजे कागदाला जे आवडतं नेमकं तेच आपण निबमधून त्याच्यावर सोडत असतो.

असं असेल तर प्रत्येक कागद टीपकागदासारखाच शाई प्यायला हवा. तो तसा पीत नाही, कारण कागद बनवताना त्याला खळ दिलेली असते. आपली आजी लुगड्याला द्यायची तीच कल्पना. खळ तंतूंच्या फटी काही प्रमाणात बुजवते, तंतूंवर पाणी लगेच पसरू देत नाही. ज्या कागदाला खळ व्यवस्थित बसली आहे त्याच्यावर शाई क्षणभर थांबते आणि जिथे निब फिरली तिथेच वाळते. खळ कमी पडली की शाई तंतूंच्या वाटेनं मिळेल तिकडे धावते. आपण म्हणतो, "शाई फुटली." आमच्या वर्गातल्या एकानं याला "शाईला मिशा आल्या" असं नाव दिलं, आणि आता सगळा वर्ग तेच म्हणतो.

खळ देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा नावाचं गाव लागतं, हातकागदासाठी ओळखलं जाणारं. हातकागदाला पिष्टाची खळ देत, वाळवत आणि मग गुळगुळीत दगडानं घोटून घोटून तकतकीत करत. म्हणून तो 'घोटीव' कागद. त्यावर बोरू अडखळत नसे आणि शाईही आत उतरत नसे. त्यात ती शाई काजळाची. काजळाचे कण पाण्यात विरघळत नाहीत, पाणी वाळलं की ते कागदाच्या पाठीवरच बसून राहतात. पेशवाईतले मोडी कागद आजही काळेभोर दिसतात त्यामागे ही दोन्ही कारणं आहेत. शिवाय काजळ उन्हानं विटत नाही. आपली आजची दौतीतली निळी शाई वेगळी, तिच्यातला रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. पाणी जिथे जाईल तिथे तोही जातो.

कारखान्यातल्या कागदासाठी १८०७ साली मोरिट्झ इलिग या जर्मन माणसानं राळ आणि तुरटी यांची खळ पुढे आणली. ती लगद्यातच मिसळता येत होती, म्हणून यंत्राला सोयीची ठरली. पुढे दीडशे वर्षं जगभर तीच चालली. तिचा दोष असा की तुरटीमुळे कागद आम्लधर्मी होतो आणि काही वर्षांनी पिवळा पडून कडकडीत होतो. तुमच्या घरी वडिलांची जुनी पुस्तकं असतील तर पान दुमडून पाहू नका, तुटेल. आता बहुतेक चांगल्या लिहिण्याच्या कागदाला दुसऱ्या प्रकारची, आम्ल नसलेली खळ असते.

पण रंग का बदलतो?

शाई पसरते हे समजायला सोपं आहे. रंग बदलतो हे मुलांना (आणि मला) जरा उशिरा कळलं. त्या मुलीनंच प्रयोगाच्या वेळी एक वाक्य टाकलं, "बाई, शाई कागदाच्या पोटात गेली म्हणून फिकी दिसते." यापेक्षा चांगलं उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं.

बघा, आपल्याला शाईचा रंग दिसतो तो प्रकाश कागदावर पडून परत येतो म्हणून. रंग कागदाच्या वरच वाळला असेल तर जाणारा-येणारा प्रकाश त्या रंगातूनच जातो. रंग भरगच्च दिसतो. तोच रंग तंतूंच्या आत उतरला तर त्याच्यावर आणि आजूबाजूला पांढरे तंतू राहतात. ते आपला पांढरा प्रकाश त्यात मिसळतात. निळ्या फ्रॉकवर पांढरी ओढणी घेतली तर फ्रॉक फिका दिसतो, तसंच. त्यात रेघ पसरून दुप्पट रुंद झाली तर तेवढीच शाई दुप्पट जागेत वाटली जाते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही घरी करून पाहाल आणि म्हणाल बाईंनी चुकीचं सांगितलं. कधी कधी शोषून घेणाऱ्या कागदावर अक्षर उलट जास्त गडद येतं. कारण कागद पेनमधूनच जास्त शाई ओढून घेतो. विशेषतः निब जाड असेल आणि मूल हळू लिहीत असेल तर. पण तो गडदपणा निस्तेज असतो. रेघ एकसारखी, मंद, कापडावर डाग पडल्यासारखी. चांगल्या कागदावर शाईत चढउतार असतात. 'का' मधला काना नीट पाहा. वरून खाली येताना रेघ थोडी हलकी आणि जिथे पेन उचललं तिथे तळाशी गडद ठिपका. लिहिताना शाई निबबरोबर खाली ढकलली जाते आणि शेवटी तिथे साचून वाळते. आपल्या देवनागरीत काने इतके आहेत की सगळं पान या ठिपक्यांनी जिवंत दिसतं. चांगल्या वहीत अक्षर 'खुलतं' असं आपण म्हणतो, त्यात या ठिपक्यांचा मोठा वाटा आहे. खळ कमी असलेल्या कागदावर शाईला साचायला सवडच मिळत नाही.

काळ्या शाईचा तर आणखी वेगळा खेळ आहे. पुष्कळशा काळ्या शाया दोन-तीन रंग मिसळून केलेल्या असतात. टीपकागदावर किंवा वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर काळ्या शाईचा मोठा ठिपका द्या आणि मधोमध पाण्याचा एक थेंब सोडा. ठिपक्याच्या कडेला निळसर, जांभळट किंवा तांबूस वलय सुटतं. काही रंग तंतूंना चिकटून मागे राहतात, काही पाण्याबरोबर लांब पळतात. म्हणजे शाई फुटते तेव्हा ती नुसती फिकी होत नाही, कडेचा रंगच वेगळा होऊ शकतो. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या वहीतला जांभळटपणा मी 'वेगळी शाई' समजले, तो मला बहुधा अशाच कडांनी फसवून गेला.

कागदाचा स्वतःचा रंग हा तिसरा भाग. पिवळसर कागदावर निळी शाई थोडी हिरवट, मळकी दिसते. पांढऱ्याशुभ्र कागदावर तीच तरतरीत. यातही गंमत आहे. आजच्या अतिशुभ्र कागदांत चमक आणणारं द्रव्य घातलेलं असतं. पूर्वी पांढऱ्या कपड्यांना टिनोपाल घालत, त्याच जातीचं. ते डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतं. दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो ना, त्याखाली वहीचं शुभ्र पान धरा. पान निळंजर्द चमकतं. खऱ्या नोटेचा कागद तसा चमकत नाही, म्हणून तर तो दिवा उपयोगी पडतो. आमच्या गावातल्या किराणा दुकानदारानं मुलांना हे आनंदानं दाखवलं, वर प्रत्येकाला एक गोळी दिली.

वर्गात आम्ही काय केलं?

मुलांना सांगितलं, घरातून जो मिळेल तो कागद आणा, विकत काही आणायचं नाही. वर्तमानपत्राची कोरी कड, स्वस्त वहीचं पान, जरा बऱ्या वहीचं पान, झेरॉक्सचा कागद, चित्रकलेचा जाड कागद, लग्नपत्रिकेची आतली बाजू, चकचकीत कॅलेंडरची मागची बाजू आणि टीपकागद एवढं जमलं. एकच पेन ठरवलं, एकच मूल लिहिणार आणि प्रत्येकावर एकच शब्द लिहायचा. शब्द मुलांनी निवडला, 'काकडी'. काने, वेलांटी, गोलाई सगळं आहे त्यात.

आधी प्रत्येक कागदावर पाण्याचा एक थेंब ठेवला आणि तो जिरेपर्यंत मुलं अंक मोजत होती. टीपकागदावर मोजायला सुरुवातच करता आली नाही. वर्तमानपत्रावर तीन-चारपर्यंत गेले. झेरॉक्सच्या कागदावर मोजता मोजता कंटाळले. कॅलेंडरवर थेंब तसाच मोत्यासारखा बसून राहिला, शेवटी कुणीतरी फुंकर मारली. मग लिहिलं. ज्या कागदानं थेंब जितका उशिरा प्याला तितकं अक्षर गडद आणि नेटकं, हे मुलांना ओळीनं दिसलं. अपवाद कॅलेंडरचा. तिथे रंग सगळ्यात सुंदर, चकाकता, पण दहा मिनिटांनीही बोट लावलं की 'काकडी' पुसली जायची. त्या कागदावर पांढऱ्या मातीचा किंवा चुनखडीचा गुळगुळीत थर दिलेला असतो, शाई आत जायला वाटच नसते.

सगळ्यांना चकवलं ते चित्रकलेच्या जाड कागदानं. पैज लागली होती की जाड कागदावर उत्तम येणार. प्रत्यक्षात मिशाच मिशा! तेव्हा मुलांना सांगितलं की जाडी वेगळी आणि खळ वेगळी. जपानमध्ये टोमोए रिव्हर नावाचा कागद निघाला, शाईपेनवाल्यांचा जीव की प्राण. त्याचं वजन चौरस मीटरला अवघं ५२ ग्रॅम, म्हणजे झेरॉक्सच्या नेहमीच्या ७०-७५ ग्रॅमच्या कागदापेक्षा पातळ. मागचं अक्षर पुढून दिसतं इतका. तरी त्यावर शाई फुटत नाही आणि काही निळ्या शायांना वाळल्यावर लालसर झळाळी येते, कारण रंग वरच्या वर दाट थरात वाळतो. तेव्हा पालकहो, वहीवर 'जीएसएम' मोठा लिहिलाय एवढ्यावर जाऊ नका. तो आकडा वजन सांगतो, खळ सांगत नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही स्वतः खळ दिली. घट्ट भाताची पेज गाळून घेतली, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेच्या अर्ध्या भागावर बोटानं पातळ लावली, उन्हात वाळवली आणि काचेच्या गुळगुळीत बाटलीनं घासघासून घोटली. मग एक ओळ सलग लिहिली, अर्धी खळीवर, अर्धी साध्या कागदावर. खळीवरची अक्षरं सरळ उभी, आणि सीमा ओलांडली की लगेच मिशा. तो तुकडा अजून वर्गाच्या भिंतीवर चिकटवलेला आहे. पेज फार जाड लागली तर कागद सुरकुततो आणि निब त्यात रुतते, हे आमचे दोन तुकडे वाया गेल्यावर कळलं.

वही तपासताना

या सगळ्यानंतर माझ्या तपासण्यात काही फरक पडले. काही मुलांचं अक्षर पानाच्या वरच्या भागात ठसठशीत आणि खाली येता येता फिकट, तुटक होतं. मी याला कंटाळा समजायचे, "शेवटी शेवटी घाई केलीस." आता कळतं की लिहिताना हाताची कड पानाच्या खालच्या भागावर घासत जाते. घाम, आणि आपल्या मुलांच्या केसांचं खोबरेल तेल! तेलकट जागी पाण्याची शाई धरतच नाही. हाताखाली एक रद्दी कागद ठेवायला सांगितला आणि पंधरा दिवसांत चार वह्यांची 'घाई' गेली.

दुसरं, टीपकागदाचं. फार टापटिपीचं एक मूल होतं, प्रत्येक ओळ झाली की लगेच टिपायचं. त्याची सगळी वही फिकी. ओली शाई टिपली की वर राहिलेला गडद भाग टीपकागदात जातो, उरतो तो फक्त आत मुरलेला अंश. त्याला सांगितलं, पान पूर्ण होऊ दे, मग अगदी शेवटच्या ओळीपुरतं टीप. खडूनं शाई टिपणारे तर आपण सगळेच होतो लहानपणी. खडूची भुकटी अक्षरावर बसली की तीही रंग फिका करते, हे मात्र तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

पावसाळ्यात वह्या दमट होतात. कागद हवेतलं पाणी धरून ठेवतो आणि त्यावर शाई उशिरा वाळते, जास्त पसरते. जूनमधल्या वहीची तुलना जानेवारीतल्या वहीशी करून "अक्षर सुधारलं" असं प्रगतिपुस्तकात लिहिताना मी आता एकदा थांबते.

आणि एक आपल्याविषयी. आपण लाल शाईनं ठसठशीत 'बरोबर'ची खूण करतो ती पातळ कागदाच्या पाठीमागे उमटते. मुलानं दुसऱ्या दिवशी लिहायच्या कोऱ्या पानावर आपली लाल रेघ आधीच उभी असते. मी लाल शाईपेन बंद केलं, तपासायला साधं बॉलपेन घेते. बॉलपेनची शाई तेलकट आणि दाट असते, ती तंतूंतून अशी धावत नाही.

पालक विचारतात, मग वही कोणती घ्यावी? मी कंपनीचं नाव सांगत नाही. मुलाचं शाईपेन खिशात टाकून दुकानात जा. एक वही विकत घ्या, डझन नको. तिच्या शेवटच्या पानावर सावकाश 'काकडी' लिहा, तीसपर्यंत मोजा, बोट फिरवा आणि पान उलटून पाहा. कडा नेटक्या असतील, मागे ठिपके उमटले नसतील तर बाकीच्या अकरा घ्या. एकाच नावाच्या वहीचा कागदही दर वर्षी सारखा असेलच असं नाही, म्हणून दर वर्षी पाहा.

आणि ज्यांना स्वस्तच वही घ्यावी लागते त्यांचं काय? आपल्यातल्या बऱ्याच पालकांचा हाच प्रश्न आहे, आणि त्याला बगल देऊन पुढे जाणं मला बरं वाटत नाही. तर बारीक निब घ्या, ती शाई कमी सोडते. पेन दाबू देऊ नका, एका जागी टेकवून ठेवू देऊ नका. पानाच्या एकाच बाजूला लिहिणं परवडत नसेल तर शाईपेनचा हट्ट सोडा. पेन्सिल किंवा बॉलपेननं लिहिलेलं अक्षर कमी प्रतीचं नसतं. शिक्षक मित्रांनो, आपण 'शाईपेनच हवं' असा नियम करतो तेव्हा नकळत 'महाग वहीच हवी' असाही नियम करत असतो. नियम ठेवायचा असेल तर शाळेनं निदान शुद्धलेखनापुरते चांगले कागद द्यावेत. माझे वडील शाळेत होते तेव्हा शाईच्या गोळ्या आणि पुड्या पाण्यात विरघळवून दौत भरायचे. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी 'हॉर्स ब्रँड' नावानं अशीच शाई करायला सुरुवात केली होती, पुढे त्याचं 'कॅमल' झालं. वडील सांगतात, शाई फिकी दिसली की मास्तर म्हणायचे, "पाणी जास्त घातलंस," आणि छडी बसायची. त्यातल्या किती छड्या खरं म्हणजे कागदाच्या वाट्याच्या होत्या, कोण जाणे.

यंदा आमच्या केंद्राच्या हस्ताक्षर स्पर्धेत परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं. मी एकच अट घातली, मुलांनी घरचे कागद आणायचे नाहीत, सगळ्यांना एकाच गठ्ठ्यातले कागद द्यायचे. मुख्याध्यापकांनी लगेच मान्य केलं, गठ्ठा आधीच आणून कपाटात ठेवला. स्पर्धा होती ऑगस्टमध्ये, आणि कपाट नेमकं गळक्या भिंतीला लागून. कागद इतके दमट झाले की पहिल्या ओळीपासून शाईला मिशा फुटायला लागल्या. माझी ती मुलगी, आता पाचवीत आहे, पुढच्या बाकावर बसली होती. तिनं कागद उजेडाकडे धरून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि हसून लिहायला लागली. मीही हसले. निदान या वेळी सगळ्यांची शाई सारखीच फुटत होती.